कोलभाट लेनमधला निर्णयसागर

संस्कृतचा अभ्यास झालेल्या घरातले जुने कपाट उघडावे आणि हाताला लागेल ते पुस्तक काढावे. मल्लिनाथाच्या टीकेसह रघुवंश असेल, सिद्धांतकौमुदी असेल, चरकसंहिता असेल किंवा ब्रह्मसूत्रावरचे शांकरभाष्य. आतल्या पहिल्या पानाच्या तळाशी बहुधा एकच नाव भेटते : निर्णयसागर मुद्रणालय, मुंबई. वाराणसीच्या पाठशाळेत, केरळातल्या वैद्याच्या घरी आणि जर्मनीतल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयातही हे नाव पोचले होते. ही सारी पुस्तके काळबादेवीजवळच्या कोलभाट लेन नावाच्या गल्लीतल्या एका खाजगी छापखान्यातून निघाली. त्याच्यामागे ना संस्थान होते, ना सरकारी खाते. तो काढणारा माणूस शास्त्री नव्हता, पदवीधर नव्हता. छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरे, घासण्यापासून त्याची सुरुवात झाली होती.

त्या माणसाचे नाव जावजी दादाजी चौधरी. मराठी मुद्रणाच्या इतिहासात त्यांच्याइतके मोठे काम फार थोड्यांच्या हातून झाले.

जावजींचा जन्म १८३९चा, मुंबईतला. तोवर हिंदुस्थानात छपाई नवी राहिली नव्हती, पण मराठी माणसाच्या हातात ती नुकतीच येत होती. गोव्यात १५५६ मध्ये जेझुइटांनी मुद्रणयंत्र आणले. फादर स्टीफन्सचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले, मराठी भाषेत पण रोमन लिपीत. त्यानंतर जवळपास दोन शतके देवनागरीतले मराठी अक्षर हिंदुस्थानात छापले गेलेच नाही. १८०५ मध्ये विल्यम केरीचे मराठी व्याकरण निघाले ते दूर बंगालात, श्रीरामपूरला. त्याच सुमारास मिरजेला गंगाधरराव पटवर्धनांनी तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे कोरवून भगवद्गीता छापवली. पेशवाईच्या अखेरच्या दिवसांत मराठी मुलखात हा उद्योग घडला ही गोष्ट मोठी आहे. पण पत्रा कोरून एक पुस्तक छापता येते. दुसऱ्या पुस्तकासाठी पुन्हा पहिल्यापासून कोरत बसावे लागते. सुटे खिळे हाच खरा छापखाना, आणि देवनागरीचे सुटे खिळे मुंबईत आणले अमेरिकन मिशनऱ्यांनी. त्यांचा छापखाना १८१७ मध्ये मराठी पुस्तिका छापू लागला.

मिशनच्या छापखान्याचा हेतू धर्मप्रसाराचा होता. पण कारखाना म्हटला की तिथे हाताखाली माणसे लागतात, आणि माणसे कसब शिकून बाहेर पडतात. गणपत कृष्णाजी हे त्यांतले पहिले मोठे नाव. त्यांनी स्वतःचे शिळाछापाचे यंत्र उभे केले, १८३१ मध्ये मराठीतले पहिले छापील पंचांग काढले आणि पुढे स्वतःचे खिळेही पाडले. त्या काळी सोवळ्यातली माणसे छापील कागदाला हात लावायला बिचकत, कारण शाईत चरबी असते असा बोलबाला होता. गणपत कृष्णाजींनी चरबीऐवजी तूप घालून शाई केल्याची हकिकत त्यामुळेच प्रसिद्ध झाली. ही हकिकत आजवर गमतीने सांगितली जाते, तिच्यातला व्यवहार मात्र फार गंभीर होता. पोथी ही पूजेची वस्तू होती. ती विकाऊ माल झाली तर तिचे पावित्र्य टिकेल का, हा प्रश्न लोकांना खरोखर पडला होता. पंचांगाने तो सोडवला, कारण पंचांगावाचून कोणाचेच चालत नव्हते.

याच मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम नावाचा कारागीर देवनागरी टाइपाचे काम पाहत होता. जावजी लहान वयातच त्याच्या हाताखाली लागले, दरमहा दोन रुपये पगारावर. काम होते ओतलेले खिळे घासण्याचे.

हे काम हलके वाटते, म्हणून ते जरा समजून घेतले पाहिजे. आधी पोलादाच्या कांबीच्या टोकावर अक्षर उलटे कोरतात. हा झाला पंच. त्याला पाणी देऊन तो कठीण करतात आणि तांब्याच्या तुकड्यावर ठोकतात. तांब्यात उमटलेला खोलगट ठसा म्हणजे मातृका. मातृका साच्यात बसवून तीत शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा वितळलेला रस ओतला, की खिळा तयार होतो. पण साच्यातून निघालेला खिळा खरखरीत असतो. त्याच्या बाजू घासून काटकोनात आणाव्या लागतात, उंची सारखी करावी लागते. रोमन अक्षरे एकमेकांपासून सुटी उभी राहतात, त्यांच्यात केसभर फरक राहिला तरी खपतो. देवनागरीत शिरोरेघ असते. दोन खिळे शेजारी ठेवले की रेघेला रेघ भिडली पाहिजे. घासण्यात किंचित कमीजास्त झाले तर शब्दाच्या डोक्यावर फट पडते आणि सबंध ओळ फाटक्यासारखी दिसते. त्यात वरच्या मात्रा-वेलांट्या, मधले अक्षर आणि खालचे उकार असे तीन थर. हे भाग वेगवेगळ्या तुकड्यांनी जुळवले की बारीक तुकडे तुटत, हलत, छापताना उडत. अक्षर आणि त्याची मात्रा एकत्र ओतली तर ओळ स्वच्छ येते, पण खिळ्यांचे प्रकार कितीतरी वाढतात. इंग्रजी खिळे जुळवणारा जुळारी दोन केसांत, म्हणजे खिळ्यांसाठी घरे पाडलेल्या दोन पेट्यांत, भागवत असे. देवनागरीच्या जुळाऱ्याला काही शे घरे तोंडपाठ ठेवावी लागत.

चांगले अक्षर आणि वाईट अक्षर यांतला फरक कानशीच्या एका फटक्याचा असतो, ही गोष्ट जावजी पुस्तकातून शिकले नाहीत. ती त्यांच्या बोटांत आली. निर्णयसागरची सारी थोरवी तिथून सुरू होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मिशनच्या छापखान्यानंतर जावजींनी टाइम्स ऑफ इंडिया, इंदुप्रकाश आणि ओरिएंटल अशा छापखान्यांत नोकऱ्या केल्या. १८६४ मध्ये त्यांनी स्वतःची टाइप फाउंड्री काढली. तिथे त्यांना राणोजी रावजी आरू यांची साथ मिळाली. राणोजी पोलादावर अक्षर कोरण्यात निष्णात होते. निर्णयसागरच्या टाइपाला पुढे सबंध देशात जो मान मिळाला, त्यात या कोरणाऱ्या हातांचा वाटा फार मोठा आहे. छापखान्यांच्या इतिहासात मालकाचे नाव राहते, अक्षर कोरणाऱ्याचे पुसले जाते. राणोजींचे नाव टिकले हे मराठी मुद्रणाचे भाग्यच.

पाच वर्षांनी, १८६९ मध्ये, निर्णयसागर छापखाना सुरू झाला.

काळ अनुकूल होता. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये निघाले होते आणि संस्कृत हा परीक्षेचा विषय झाला होता. शाळेत भांडारकरांची मार्गोपदेशिका शिकलेला मुलगा पुढे काव्यनाटकांकडे वळत होता आणि त्याला हातात धरण्याजोगी, शुद्ध, परवडणारी प्रत हवी होती. ब्यूलर आणि कीलहॉर्न या संस्कृत पंडितांच्या देखरेखीखाली सरकारी संस्कृत ग्रंथमालाही मुंबईत सुरू झाली होती. आगगाडी होती, टपाल होते. १८७७ पासून व्ही. पी. ने, म्हणजे टपाल हाती आल्यावर पैसे देऊन, पुस्तक मागवण्याची सोय आली आणि खेड्यातला मास्तर मुंबईच्या छापखान्याचा गिऱ्हाईक होऊ शकला.

मराठी वाचकाच्या घरात निर्णयसागर प्रथम शिरला तो पंचांगाच्या आणि मुलांच्या वाचनाच्या वाटेने. निर्णयसागर पंचांग घराघरांत भिंतीवर टांगलेले असे. १८८१ पासून विनायक कोंडदेव ओक यांचे 'बालबोध' मासिक इथून निघू लागले. चरित्र, कविता, शास्त्रीय माहिती असा त्यात सोपा आणि नेटका मजकूर असे. मराठी मुलांच्या दोन-तीन पिढ्यांचे अवांतर वाचन या मासिकावर झाले. जनार्दन बाळाजी मोडक आणि वामन दाजी ओक यांच्या 'काव्यसंग्रहा'तून जुने मराठी कवी टिपांसह छापले गेले. वामन पंडित, मोरोपंत यांची कविता तोवर हरदासांच्या बाडांत आणि तोंडी परंपरेत होती. ती शुद्ध पाठासह हाती आली.

पण ज्या कामाने निर्णयसागरचे नाव जगभर गेले ते काम म्हणजे काव्यमाला.

१८८६ मध्ये ही माला सुरू झाली. जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि मुंबईचे काशिनाथ पांडुरंग परब हे तिचे संपादक. राजस्थानात, काश्मिरात आणि अन्यत्र पोथ्या शोधायच्या, त्यांच्या प्रती करवून घ्यायच्या, पाठ ताडून पाहायचे आणि मासिकाच्या धर्तीवर ते छापत जायचे, असा हा उद्योग होता. लहान काव्यांचे गुच्छक निघाले, मोठे ग्रंथ स्वतंत्र निघाले. वर्गणीदाराला महिन्याच्या महिन्याला ग्रंथाचे छापलेले फर्मे मिळत. एकदम मोठी रक्कम मोजणे ज्याला शक्य नव्हते त्याच्याही घरी अशा रीतीने ग्रंथ जमत गेला. १८८८ मध्ये जगन्नाथ पंडिताचे रसगंगाधर, १८८९ मध्ये हालाची गाथासप्तशती, १८९१ मध्ये आनंदवर्धनाचे ध्वन्यालोक. महाराष्ट्री प्राकृतातली गाथासप्तशती म्हणजे या मातीतल्या शेतकऱ्यांच्या, गोदाकाठच्या बायाबापड्यांच्या सुखदुःखाची कविता. ती महाराष्ट्रात छापली गेली याचे मोल वेगळेच.

ध्वन्यालोकाची गोष्ट सांगितलीच पाहिजे. या ग्रंथावरच्या अभिनवगुप्ताच्या लोचन टीकेचे पहिले तीन उद्योत, म्हणजे प्रकरणे, एवढेच संपादकांना मिळाले होते, तेवढेच त्यांनी छापले. चौथ्या उद्योतावरची टीका पुढे १९२३ मध्ये सुशीलकुमार डे यांनी प्रसिद्ध केली. मधल्या तीस वर्षांत कोलभाट लेनमधल्या या पुस्तकावर जगभर काम झाले. हेर्मान याकोबी यांनी जर्मनीत ध्वन्यालोकाचा अनुवाद केला तो याच आवृत्तीच्या आधाराने. रस आणि ध्वनी यांवर महाराष्ट्रात जी दीर्घ चर्चा झाली, तिचाही पाया ही छापील पाने होती.

१८९४ मध्ये काव्यमालेत भरताचे नाट्यशास्त्र आले. शिवदत्त पंडित आणि परब यांनी दोन हस्तलिखितांवरून ते सिद्ध केले. त्याआधी फिट्झएडवर्ड हॉल यांनी १८६५ मध्ये त्यातले थोडेसे अध्याय छापले होते. सबंध ग्रंथ वाचकाच्या हाती पहिल्यांदा आला तो इथून. दोनच हस्तलिखिते असल्याने पाठ जागोजाग अडखळतो आणि पुढच्या संपादकांनी तो पुष्कळ दुरुस्त केला, हे खरे. पण दुरुस्त करायला आधी काहीतरी छापलेले लागते. संगीत नाटकाचा तो भरभराटीचा काळ, आणि ज्या ग्रंथाचे नाव प्रत्येक सूत्रधार घेत होता तो ग्रंथ त्याच काळात छापील रूपात उपलब्ध झाला.

या साऱ्याचा समाजावर काय परिणाम झाला? ज्ञानाचा प्रसार झाला एवढे म्हणून भागत नाही. परिणाम नेमका होता. पूर्वी शास्त्रात काय आहे हे पोथी बाळगणारा सांगेल तेच खरे मानावे लागे. पोथी दाखवायची की नाही, कोणाला दाखवायची, किती दाखवायची हे त्याच्या मर्जीवर होते. छापील ग्रंथ दुकानात आला आणि श्लोकाला क्रमांक, पानाला आकडा मिळाला. वादात समोरच्याला पान उघडून दाखवा असे म्हणता येऊ लागले. १८७० मध्ये पुण्यात विधवाविवाहावर जो जाहीर वाद झाला, त्यात दोन्ही बाजू स्मृतिवचनांवर भांडत होत्या. असे वाद पुढे वाढत गेले, तशी ही वचने छापील पुस्तकांतून ताडून पाहणारा तिसरा माणूस तयार झाला. तो शास्त्री नव्हता, कारकून किंवा वकील होता. कुल्लूकाच्या टीकेसह मनुस्मृती निर्णयसागरने छापली. ती पूजेसाठी घेणारे होते, तसे तिच्यातले शूद्रांविषयीचे आणि स्त्रियांविषयीचे नियम शब्दाला शब्द वाचून त्यांचा हिशेब मागणारेही निघाले. छापखान्याने गिऱ्हाइकाची जात विचारली नाही.

इथे एक गोष्ट स्पष्टपणे मांडली पाहिजे. निर्णयसागर हा सुधारकांचा छापखाना नव्हता. ज्या १८६९ मध्ये तो सुरू झाला त्याच वर्षी जोतीराव फुले यांचा शिवाजीराजांवरचा पोवाडा छापून निघाला. १८७३ मध्ये गुलामगिरी आली, १८८२ मध्ये पुण्याच्या शिवाजी छापखान्यातून ताराबाई शिंदे यांची स्त्रीपुरुषतुलना आली. 'दीनबंधू' या वृत्तपत्रासाठी कृष्णराव भालेकरांनी आणि नंतर नारायण मेघाजी लोखंडे यांनी काय काय सोसले तो इतिहास वेगळा आहे. समाजाच्या मुळाशी हात घालणारे लेखन लहान लहान छापखान्यांतून, अपुऱ्या पैशात, खडबडीत कागदावर निघाले. निर्णयसागरने दुसरी बाजू सांभाळली : मूळ ग्रंथ जसा आहे तसा, शुद्ध, सर्वांपुढे ठेवणे. ज्यावर टीका करायची तेही नीट छापलेले असावे लागते. या दोन प्रकारच्या छापखान्यांना एकमेकांसमोर उभे करण्याची चूक आपल्याकडे वारंवार होते. एकोणिसाव्या शतकातला वाचक दोन्हीकडची पुस्तके विकत घेत होता.

शुद्धता हा शब्द निर्णयसागरच्या संदर्भात नेहमी येतो. तिच्यामागची व्यवस्था साधी होती आणि खर्चिक होती. छापखान्यात पगारी शास्त्री असत. वासुदेव लक्ष्मणशास्त्री पणशीकर आणि पुढे नारायण राम आचार्य ही त्यांतली ठळक नावे. ते केवळ मुद्रिते तपासत नसत. पाठ निवडणे, टीका जुळवणे, तळटीपेत पाठभेद देणे, श्लोकसूची करणे हे सारे त्यांचे काम. परबांनी संकलित केलेले सुभाषितरत्नभांडागार नारायण राम आचार्यांनी वाढवत नेले आणि १९५२च्या आवृत्तीत त्यातले श्लोक दहा हजारांच्या पुढे गेले. वक्तृत्वस्पर्धेतल्या विद्यार्थ्यापासून कीर्तनकारापर्यंत सगळ्यांनी त्यातून उचलले.

शास्त्र्यांच्या बरोबरीने जुळाऱ्यांची आठवण ठेवली पाहिजे. दिवसभर केसपुढे उभे राहून, डाव्या हातात अक्षरे जुळवण्याची स्टिक धरून, उलटी अक्षरे सुलटी वाचत हे कामगार पाणिनीची सूत्रे आणि चरकाची द्रव्ये जुळवत असत. त्यांतल्या बहुतेकांना संस्कृत येत नव्हते. जोडाक्षराचा आकार पाहून हात आपोआप योग्य घराकडे जायचा. शिशाच्या संगतीत गेलेल्या या आयुष्यांची नावे कुठल्याच पुस्तकावर नाहीत. १८६७च्या कायद्याने प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे नाव आणि ठिकाण छापणे सक्तीचे केले, जुळाऱ्याचे नाव मात्र कोणत्याच कायद्याने मागितले नाही.

जावजी १८९२ मध्ये वारले. काव्यमाला तेव्हा ऐन भरात होती. त्यानंतरचा छापखान्याचा वंशवृक्ष पुस्तकांच्या पहिल्या पानांवरूनच वाचता येतो. आधी तुकाराम जावजी, मग पांडुरंग जावजी, आणि १९४०च्या सुमारास सत्यभामाबाई पांडुरंग. संस्कृत शास्त्रग्रंथाच्या प्रकाशक म्हणून एका बाईचे नाव छापले जावे, हे तेव्हा विरळाच होते. आयुर्वेदाची जी कामे आजही प्रमाण मानली जातात ती याच उत्तरकाळातली : यादवजी त्रिकमजी आचार्यांनी संपादित केलेली १९३८ची सुश्रुतसंहिता आणि १९४१ची चरकसंहिता, तसेच हरिशास्त्री पराडकरांचे १९३९चे अष्टांगहृदय. आयुर्वेद महाविद्यालयांतला आजचा विद्यार्थी जे पाठ घोकतो त्यांची मांडणी कोलभाट लेनमध्ये झालेली आहे.

दरम्यान खिळ्यांचे जग बदलू लागले होते. देवनागरीचे शेकडो खिळे यंत्राच्या कळफलकावर बसवायचे कसे, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या आरंभापासून सगळ्यांना छळत होता. लोकमान्य टिळकांनी केसरीसाठी खिळ्यांची संख्या कमी करण्यात वर्षे घालवली. मुंबईच्या शंकर आबाजी भिसे यांनी वेगाने टाइप ओतणारी यंत्रे शोधण्यासाठी लंडन आणि न्यूयॉर्क गाठले. हरी गोविंद गोविल यांच्या प्रयत्नांतून १९३०च्या दशकात देवनागरी लायनोटाइप आले. मोनोटाइपही आले, मग फोटोटाइपसेटिंग आले, ऑफसेट आले. हाताने जुळवलेल्या खिळ्यांवर उभा असलेला निर्णयसागर या वेगापुढे टिकू शकला नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याची यंत्रे थांबली.

पुस्तके मात्र थांबली नाहीत. वाराणसी आणि दिल्लीचे प्रकाशक निर्णयसागरच्या आवृत्त्यांची छायाचित्रे काढून त्या आजही छापतात. अक्षर तेच, तळटीपा त्याच, क्वचित छापताना दबलेला एखादा खिळाही तोच. पु. बा. कुलकर्णी यांनी 'निर्णयसागरची अक्षरसाधना' हे जावजींचे चरित्र १९६७ मध्ये लिहिले. बापूराव नाईक यांनी १९७१ मध्ये देवनागरीच्या मुद्राक्षरकलेवर तीन खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. या दोन कामांमुळे हा इतिहास पुष्कळसा वाचला.

आता एक विनंती, मुद्रकांना आणि ग्रंथपालांना. जुन्या छापखान्यांच्या माळ्यावर पोलादी पंच, तांब्याच्या मातृका आणि टाइपाची नमुनापुस्तके अजून पडलेली असतील. मोडीच्या भावाने ती विकू नका. एखाद्या संग्रहालयाला किंवा मुद्रणविद्या शिकवणाऱ्या संस्थेला कळवा. आणि जुने पुस्तक नव्या बांधणीला देताना मुद्रकाचे नाव असलेले पहिले व शेवटचे पान काढून टाकू नका, बांधणाऱ्यालाही तसे आधी बजावून सांगा.